नासर्डीत दिवाळीनंतरही स्वच्छ पाणी वाहते राहावे, यासाठी आधी खर्च कशावर करावा?

नासर्डीकाठ

नमस्कार. मी नाशिकमध्ये मुंबई नाका ते पुणे रस्ता या टप्प्यात नासर्डीच्या, म्हणजे हल्लीच्या फलकांवरील नंदिनी नदीच्या, काठाजवळील एका वसाहतीत राहते. पावसाळ्यात ही नदी आमच्या संरक्षक भिंतीपर्यंत येते, दिवाळीपर्यंत थोडेफार निवळ पाणी दिसते आणि डिसेंबर उजाडेपर्यंत पात्रात जे वाहते ते केवळ सांडपाणी असते. सिंहस्थ २०२७ जवळ येत असल्यामुळे गोदावरीबरोबर तिच्या उपनद्यांकडेही लक्ष वळले आहे आणि एका खासगी कंपनीने सामाजिक दायित्व निधीतून आमच्या टप्प्यासाठी खर्च करण्याची तयारी दाखवली आहे. त्यासाठी तयार झालेला प्रस्ताव असा आहे की, पोकलेन लावून पात्र साधारण दोन मीटर खोल करायचे, दोन्ही काठांना काँक्रीटची भिंत घालायची, मध्ये दोन छोटे बंधारे बांधून पाणी अडवायचे आणि भिंतीलगत चालण्यासाठी पथ करायचा. बैठकीत शिरपूरच्या नाला खोलीकरणाचा दाखला देण्यात आला आणि 'एकदा खोल केले की बारमाही पाणी राहील' असे ठामपणे सांगण्यात आले.

माझी अडचण एका ठिकाणापुरती आहे, परंतु तिच्यावर बरेच काही अवलंबून असावे असे मला वाटते. आमच्या बाजूच्या काठावर पात्राच्या तळापासून सुमारे कमरेइतक्या उंचीवर काळ्या दगडाचा एक थर पुढे आलेला आहे. त्याच्या खाली विटकरी रंगाची, नखाने खरवडता येईल अशी मऊ पट्टी आहे आणि या दोहोंच्या सांध्यातून जानेवारीतही पाणी झिरपत असते. तिथे नेचे उगवलेले आहेत, दगडावर शेवाळ आहे पण वास नाही, आणि त्या पाण्याने भरलेल्या खळग्यात बोटाएवढे मासे दिसतात. तिथून चार पावलांवर मलवाहिनीचे एक चेंबर आहे, ज्याच्या झाकणाखालून करडे पाणी येऊन त्याच खळग्याच्या पुढे नदीला मिळते. प्रस्तावातील भिंत नेमकी या सांध्यावरून जाते.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पात्र खोल केल्याने प्रवाह वाढतो का? बंधाऱ्यात अडवलेले पाणी नदीच्या प्रकृतीला उपकारक ठरते का? आणि निधी मर्यादित असेल, तर वसाहतीच्या पातळीवर सर्वांत आधी कोणते काम हाती घ्यावे? 'सगळेच करायला हवे' हे उत्तर बैठकीत मिळालेले आहे, म्हणून ते सोडून सांगावे, ही विनंती.

जलमापक

ताई, आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तरही मोजमापापासूनच सुरू करतो. मी पाटबंधाऱ्यांच्या कामात आयुष्य घालवलेला माणूस आहे आणि नदी सुधारण्याच्या प्रस्तावांत मला नेहमी एकच आकडा सापडत नाही, तो म्हणजे त्या नदीत आज, कोरड्या दिवसांत, सेकंदाला किती लिटर पाणी वाहते. भिंतीची लांबी असते, मातीचे घनमीटर असतात, दिव्यांचे खांबसुद्धा मोजलेले असतात. पण ज्याच्यासाठी हे सगळे करायचे, ते पाणी कुणी मोजलेले नसते.

हे मोजणे अवघड नाही. पात्र अरुंद आहे अशा ठिकाणी ९० अंशांची त्रिकोणी खाच कापलेला जाड पत्रा आडवा बसवावा, बाजूंनी आणि खालून चिकणमातीने बंद करावा आणि खाचेतून पाणी पलीकडे मोकळे पडू द्यावे. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची, मात्र ती खाचेतच नव्हे, तर त्या उंचीच्या तीन-चार पट अंतर मागे, जिथे पाण्याचा पृष्ठभाग अजून वाकलेला नसतो तिथे. उंची १० सेंटिमीटर भरली, तर प्रवाह सेकंदाला साधारण ४.४ लिटर असतो आणि १५ सेंटिमीटर भरली, तर १२ लिटर. उंची दीडपट झाल्यावर प्रवाह जवळजवळ पावणेतीनपट होतो, त्यामुळे इथे बोटभर चूकही महागात पडते. एवढा खटाटोप शक्य नसेल, तर सरळ टप्प्यात दोन खुणा करून तरंगणारे लिंबू सोडावे. रुंदी, सरासरी खोली आणि लिंबाचा वेग यांचा गुणाकार करून त्याला ०.८५ ने गुणावे, कारण पृष्ठभागावरचे पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जलद असते.

आता खरा मुद्दा. हे मोजमाप एकदाच, सकाळी दहा वाजता करून उपयोग नाही. दरडोई १३५ लिटर पाणीपुरवठा हे शहरांसाठीचे प्रमाण धरले आणि त्यातील ८० टक्के सांडपाणी होते असे मानले, तर ५,००० वस्तीच्या एका वसाहतीतून दिवसाला ५ लाख ४० हजार लिटर, म्हणजे सरासरी सेकंदाला सव्वासहा लिटर सांडपाणी निघते. हा आकडा मी वर दिलेल्या १० सेंटिमीटरच्या प्रवाहापेक्षा मोठा आहे. म्हणजे एकाच वसाहतीची गळती नदीच्या अख्ख्या नैसर्गिक प्रवाहाला झाकून टाकू शकते आणि दिसायला मात्र 'नदी वाहते आहे' असेच दिसते. म्हणून पहाटे तीन-चारच्या सुमारास एक वाचन घ्यावे, नळाला पाणी येऊन गेल्यानंतर एक घ्यावे आणि दुपारी एक. सांडपाणी घराघरांतील दिनक्रमाप्रमाणे चढते-उतरते. भूजलातून येणारा प्रवाह दिवसभर जवळपास सारखा राहतो. पहाटेचे वाचन हा पूर्ण शुद्ध आकडा नव्हे, कारण गळके नळ रात्रीही गळतात, परंतु नदीचे स्वतःचे किती आणि आपण घातलेले किती, याचा अंदाज त्यातून नक्की येतो. सोबत पाण्याची विद्युतवाहकता (विरघळलेले क्षार जितके जास्त, तितकी ती जास्त) मोजणारे खिशातले यंत्र असेल तर फारच उत्तम. झिरप्याचे पाणी आणि चेंबरचे पाणी यांच्या आकड्यांतला फरक पाहिल्यावर बैठकीत वेगळे काही सांगावे लागणार नाही.

बंधाऱ्यांबद्दल. बंधारा साठा देतो, प्रवाह देत नाही, आणि साठ्यात काय साठते हे वरच्या हिशेबावरून ठरते. सांडपाण्याचा वाटा अर्ध्याहून अधिक असताना पाणी अडवले, तर ते तळाशी कुजते, प्राणवायू संपतो, पाणवेली माजतात आणि डास होतात. आपल्याकडे गोदावरीत खाली नांदूरमध्यमेश्वरपर्यंत पाणवेलींचा प्रश्न का सुटत नाही, याचे उत्तर याच साध्या गोष्टीत आहे: संथ पाणी आणि त्यात मलजलातून आलेले नत्र व स्फुरद. आंघोळीयोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो आणि जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो प्राणवायू, ३ मिलिग्रॅमच्या आत असावी लागते. अडवलेल्या मलजलात हे कधीच साधणार नाही.

तेव्हा माझ्या मते पहिला खर्च त्या चेंबरवर आणि त्याच्या वरच्या-खालच्या वाहिनीवर व्हावा. त्यामागे दुसरेही कारण आहे, जे सहसा लक्षात घेतले जात नाही. नदीकाठाने, काही ठिकाणी पात्रातूनच, टाकलेली मलवाहिनी जुनी झाली की तिचे सांधे दोन्ही बाजूंनी गळतात. भूजलाची पातळी वाहिनीच्या वर असते तेव्हा, म्हणजे पावसाळा आणि त्यानंतरचे काही महिने, आजूबाजूचे स्वच्छ पाणी वाहिनीत शिरते आणि मलजलाबरोबर थेट शुद्धीकरण केंद्रात जाते. पातळी खाली गेली की मलजल बाहेर येते. नदीचे पाणी आधी चोरीला जाते आणि नंतर त्या जागी घाण येते. ओढ्यांच्या तोंडाशी बांध घालून सगळे पाणी मलवाहिनीत वळवण्याचे जे उपाय केले जातात, त्यांचाही हाच दोष आहे. घाण अडते हे खरे, पण ओढ्याचा स्वतःचा झिरपाही तिच्याबरोबर जातो आणि खाली पात्र ठणठणीत कोरडे पडते.

काळापाषाण

जलमापक यांच्या उत्तरानंतर मोजमापाविषयी बोलण्यासारखे उरलेले नाही. मी भूशास्त्राच्या बाजूने फक्त त्या झिरप्याविषयी आणि खोलीकरणाविषयी लिहितो, कारण नासर्डीकाठ यांनी वर्णन केलेला काठ वाचूनच अर्धे उत्तर मिळते.

आपला सगळा प्रदेश लाव्हाच्या थरांचा आहे. एकेका थराचा वरचा भाग सच्छिद्र असतो, ज्याला आपण मांजऱ्या दगड म्हणतो, आणि त्याखालचा भाग घट्ट काळ्या पाषाणाचा असतो. दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी विटकरी रंगाची मातकट पट्टी सापडते. खालचा थर उघडा असताना त्याचा माथा झिजून ती तयार झालेली असते आणि तिच्यातून पाणी सहजासहजी खाली उतरत नाही. वरच्या काळ्या दगडाच्या भेगांतून उतरलेले पाणी या पट्टीवर येऊन थांबते, आडवे सरकते आणि जिथे नदीने काठ कापलेला आहे तिथे बाहेर पडते. आपल्या काठावर दिसणारी ती मऊ पट्टी हीच आहे. जानेवारीत तिथून पाणी येते, याचा अर्थ आपल्या वसाहतीच्या मागच्या जमिनीत, फार खोल नव्हे, पाणी धरून ठेवणारा थर अजून जिवंत आहे. शहराच्या मध्यभागी ही स्थिती दुर्मीळ झालेली आहे आणि तिच्यावरून भिंत नेणे हा शुद्ध आडमुठेपणा ठरेल.

खोलीकरणाचे म्हणाल, तर शिरपूर तालुक्यात जे घडले ते तिथल्या जमिनीच्या रचनेच्या आधारावर घडले. त्या भागात तापीचा गाळही आहे आणि खडकही, आणि कुठे किती खोल जायचे हे भूशास्त्रीय पाहणी करून ठरवलेले होते. उन्हाळ्यात पोकलेन मोकळा आहे म्हणून पात्र उकरणे म्हणजे शिरपूरचे अनुकरण नव्हे. आपल्या टप्प्यात दोन मीटर खाली गेल्यावर दोनच शक्यता आहेत. एक म्हणजे घट्ट पाषाण लागेल, त्यात पाणी मुरणार नाही आणि आपल्याला फक्त एक लांबट हौद मिळेल. दुसरी शक्यता अशी की मुरमाचा किंवा मांजऱ्या दगडाचा पाणी धरणारा थर कापला जाईल आणि आजूबाजूचे उथळ भूजल आता चार महिन्यांत झिरपते ते महिन्या-दोन महिन्यांत निथळून जाईल. सुरुवातीच्या हिवाळ्यात पाणी वाढलेले दिसेल, छायाचित्रे निघतील आणि मार्चमध्ये काठावरच्या विहिरी तळ गाठतील.

पुनर्भरणाच्या नावाखाली वसाहतीत जी कामे होतात, त्यांच्याविषयीही एक इशारा द्यावासा वाटतो. छपरावरचे पाणी बोअरमध्ये सोडणे ही हल्ली रूढ पद्धत आहे. बोअर जर पहिल्या काही मीटरांत केसिंग करून, म्हणजे बंद पाइप बसवून, पुढे खोल गेलेला असेल, तर ते पाणी खालच्या भेगांत जाते. कुठल्या तरी दुसऱ्या बोअरला ते मिळेल, पण आपल्या काठावरच्या सांध्यापर्यंत ते येणार नाही. नदीसाठी पाणी मुरवायचे असेल, तर ते उथळ मुरवले पाहिजे, मुरमापर्यंतच्या शोषखड्ड्यांतून किंवा वापरात नसलेल्या आडांतून, आणि तेही गाळून.

यात किती अपेक्षा ठेवावी हेही हिशेबाने पाहावे. नाशिक शहराचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर धरला, तर १,००० चौरस मीटरच्या छपरावरून, वाया जाणारे वजा करून, साडेपाच लाख लिटरच्या आसपास पाणी मिळते. सेकंदाला ४.४ लिटरचा प्रवाह नोव्हेंबर ते फेब्रुवारी असा चार महिने टिकवायचा, तर सुमारे साडेचार कोटी लिटर लागतात. म्हणजे अशी ८० छपरे, आणि तीही मुरवलेला प्रत्येक थेंब नदीत परत येतो असे गृहीत धरून, जे कधीच होत नाही. ही संख्या निराश करणारी नाही. मुंबई नाका ते पुणे रस्ता या टप्प्यात एवढी छपरे सहज निघतील. पण दोन सोसायट्यांनी खड्डे केले आणि नदी बारमाही झाली, असे कुणी सांगू लागले, तर हा गुणाकार त्यांच्यापुढे ठेवावा.

जाता जाता एक गोष्ट, जी तुमच्या हाताशी असू शकेल. नव्या इमारतींच्या तळघरांसाठी खोदकाम चालू असते तेव्हा भूजल उपसून दिवसरात्र गटारात सोडले जाते, आणि काही इमारतींत तर तळघरातील पंप कायमचे चालू असतात. हे पाणी बहुधा त्याच उथळ थराचे, म्हणजे तुमच्या नदीचेच, असते. ते गाळ बसवून नदीत किंवा शोषखड्ड्यात सोडण्याची व्यवस्था करायला फार पैसे लागत नाहीत.

डोंगरउतार

मी बेळगाव ढग्याच्या बाजूचा शेतकरी आहे. शहरातली मंडळी नदीचा विचार आपल्या पुलापासून आपल्या पुलापर्यंत करतात, म्हणून लिहावेसे वाटले. नासर्डीचे पाणी ज्या डोंगरांवरून उतरते, त्यांच्या पायथ्याशी खडी आणि मुरमासाठी किती खोदकाम झाले, हे त्र्यंबक रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही दिसते. उतारावरचा मुरूम म्हणजे आमच्याकडचा पाणी धरणारा भाग. तोच ट्रकमध्ये भरून गेल्यावर पाऊस कितीही पडला तरी दोन तासांत वाहून जातो आणि ओढे पूर्वीपेक्षा लवकर आटतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आमच्याकडे शेतकरीही निर्दोष आहेत असे मी म्हणणार नाही. ओढ्याला लागून बोअर आहेत, भाजीपाला आणि द्राक्षे आहेत आणि ऑक्टोबरनंतर जो तो आपापली मोटर चालवतो. ठिबक आल्याने पाणी वाचले, हे खरे. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी अर्धा एकर बाग लागली, हेही खरे. ठिबकचे अनुदान वाटल्याने ओढ्यात पाणी उरेल, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी एकदा शिवारात येऊन पाहावे.

कंपनीचा निधी तुमच्या टप्प्यातच खर्च झाला पाहिजे असे बंधन नसेल, तर त्यातील काही भाग वरच्या गायरानावर सलग समतल चर खोदणे, जुने गाळाने भरलेले पाझर तलाव मोकळे करणे आणि चराईबंदी पाळणाऱ्या गावाला त्याचा मोबदला देणे, यासाठी वापरावा. फलक कुणाच्या नावाचा लावायचा हे नंतर ठरवता येईल.

पंचवटीकर

इतक्या उलाढालीपेक्षा गंगापूर धरणातून थोडे थोडे पाणी कायम सोडण्याची मागणी का करू नये? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये सर्व राज्यांना नद्यांत कोरड्या हंगामातील सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के किमान प्रवाह ठेवण्याचे निर्देश दिलेले आहेत. आमच्याकडे रामकुंडाच्या परिसरात पात्राच्या तळाला काँक्रीट घातल्यामुळे जिवंत झरे बंद झाले, ते काढण्याची मागणी उच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि आज स्नानासाठी पाणी लागले की धरणाच्या आवर्तनाकडेच पाहावे लागते. धरणाचे पाणी आणल्यावर निदान वास तरी जातो, हे नाकारता येणार नाही.

जलमापक

पंचवटीकर, आपली मागणी गोदावरीसाठी रास्त आहे, नासर्डीसाठी मात्र तिचा उपयोग नाही. गंगापूर धरण गोदावरीवर आहे आणि नासर्डी गोदावरीला मिळते ती खाली टाकळीच्या संगमावर. धरणातून सोडलेला थेंब मुंबई नाक्याला उलटा चढून येणार नाही.

गोदावरीपुरते बोलायचे, तर हिशेब असा आहे. गंगापूर धरणाचा उपयुक्त साठा ५,६३० दशलक्ष घनफूट आहे. नोव्हेंबर ते जून असे आठ महिने, म्हणजे २४० दिवस, सतत १० क्युसेक, म्हणजे सेकंदाला १० घनफूट, सोडले तर सुमारे २०७ दशलक्ष घनफूट पाणी लागते, म्हणजे एकूण साठ्याच्या पावणेचार टक्क्यांच्या आसपास. काश्यपी, गौतमी गोदावरी आणि आळंदी ही समूहातील धरणे धरली, तर साठा १०,१६६ दशलक्ष घनफूट होतो आणि हेच प्रमाण दोन टक्क्यांवर येते. आपण मागतो ते पाणी फार नाही. अडचण आहे ती प्रत्येक थेंब पिण्यासाठी, सिंचनासाठी, उद्योगासाठी किंवा जायकवाडीसाठी आधीच वाटलेला असतो आणि त्या वाटपाच्या कोष्टकात नदीचा स्वतंत्र रकाना नसतो, ही. जायकवाडीसाठी समन्यायी वाटपाच्या तत्त्वानुसार पाणी सोडले जाते तेव्हा गोदावरी काही दिवस दुथडी भरून वाहते, पण ते वाटेवरून जाणारे पाणी असते. जलचरांना अशा चार दिवसांच्या पुरापेक्षा सतत वाहणारी बारीक धार अधिक उपयोगी पडते, कारण मासा वर्षाचे बाराही महिने पाण्यात राहतो.

अमेरिकेतील ओरेगन राज्याने १९८७ मध्ये कायदा करून शेतकऱ्याला आपला पाणीहक्क विकत, भाड्याने किंवा दान म्हणून थेट नदीला देण्याची सोय केली, आणि तो हक्क पात्रातच राहतो. आपल्याकडे पाण्याचे हक्क तसे वैयक्तिक मालकीचे नाहीत, त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी चालणार नाही, तरी नदीला वाटपात नाव मिळणे एवढा भाग घेण्यासारखा आहे.

न्यायाधिकरणाच्या निर्देशाबाबत एक तांत्रिक अडचण सांगतो. कोरड्या हंगामातील सरासरी प्रवाहाचे १५ टक्के ठेवायचे, हे बारमाही नदीला लागू पडते. नासर्डीसारख्या नदीचा कोरड्या हंगामातील नैसर्गिक प्रवाहच उपशाने आणि काँक्रीटने शून्यावर आलेला असेल, तर शून्याचे १५ टक्केही शून्यच. म्हणून आधार म्हणून जुना, बिघाडापूर्वीचा प्रवाह धरावा लागतो, आणि तो कुणी मोजून ठेवलेला नसतो.

बाहेरून आणलेल्या पाण्याने वास जातो हे मान्य. अहमदाबादेत साबरमतीच्या सुशोभित टप्प्यात दिसणारे पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणलेले आहे. शहर ओलांडल्यावर त्याच नदीची काय अवस्था होते, हे प्रदूषणाच्या अहवालांत दरवेळी येते.

नासर्डीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. जलमापक यांनी सांगितल्याप्रमाणे पहाटेचे वाचन आम्ही घेऊ. वसाहतीतील काही मुले अभियांत्रिकीला आहेत, ती पत्र्याची खाच करून देणार आहेत. डोंगरउतार यांची सूचना कंपनीसमोर ठेवण्याइतकी ठोस आहे, पण निधी आमच्याच प्रभागात वापरण्याची त्यांची अट आहे असे आज कळले, त्यामुळे चेंबर, वाहिनी आणि तळघरांचे पाणी यांवर आम्ही भर देऊ.

दोन शंका उरतात. भिंत पूर्णपणे रद्द करणे कठीण दिसते, कारण पुराची भीती खरी आहे आणि २००८ चा पूर इथे सर्वांना आठवतो. भिंतीला झिरप्याच्या जागी पाइपची छिद्रे ठेवली तर चालेल का? आणि शुद्ध केलेले सांडपाणी टाकळीच्या शुद्धीकरण केंद्रातून उलट पंप करून वर सोडण्याची कल्पनाही बैठकीत निघाली होती, तिच्याबद्दल काय वाटते?

काळापाषाण

छिद्रे चालणार नाहीत. झिरपा एका बिंदूतून येत नाही, तो सांध्याच्या सगळ्या लांबीवर पसरलेला असतो. काँक्रीट ओतताना त्याचे पाणी भेगांत शिरून त्या बुजतात, छिद्रांमागे माती बसते आणि दोन पावसाळ्यांत ती बंद होतात. मग पाणी भिंतीमागे दाब निर्माण करते आणि भिंतच पुढे झुकते, म्हणजे पुरासाठी केलेला खर्च पुरातच जातो. पुराची भीती रास्त आहे, म्हणूनच भिंत पात्राच्या कडेला न घालता मागे घ्यावी. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखण्यामागचा हेतूच असा आहे की त्या पट्ट्यात पाण्याला पसरू द्यावे. पात्र अरुंद करून भिंत उंच केली, की तुमचे पाणी खालच्या वसाहतीत जाते. झिरप्याच्या टप्प्यात काठाला दगडांच्या जाळीच्या पेट्या आणि वाळुंजाची लागवड पुरेशी होईल. वाळुंजाची मुळे काठ धरतात आणि पाणीही अडवत नाहीत.

शुद्ध केलेले पाणी वर आणण्याला माझा तत्त्वतः विरोध नाही. ते उद्योगांना देऊन तेवढेच ताजे पाणी वाचवणे अधिक शहाणपणाचे आहे, पण नदीतच सोडायचे ठरले, तर जैविक प्राणवायू मागणी लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आत आणि नत्र-स्फुरद काढलेले असल्याची खात्री झाल्याशिवाय ते त्या झिरप्याच्या वरच्या बाजूला सोडू नका. तुमच्या खळग्यातले मासे कोणत्या जातीचे आहेत, हे एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडून पाहून घ्या. दारणा नदीतून देवळालीजवळ प्रथम नोंदवलेला देवळाली मिनो हा छोटा मासा आज अति संकटग्रस्त मानला जातो. तुमच्याकडे तो असेलच असे नाही, बहुधा नसेलही, परंतु कोणतीही स्थानिक जात तिथे टिकून आहे असा लेखी अहवाल मिळाला, तर भिंतीची रेषा बदलून घेताना माझ्या या सगळ्या लिखाणापेक्षा तो कागद जास्त कामाला येईल. नमुने मार्चअखेर घ्यावेत. तेव्हा खळगा सर्वांत लहान झालेला असतो आणि त्यात जे जगते ते झिरप्याच्याच पाण्यावर जगते, हे वादातीत राहते.

डोंगरउतार

प्रभागाची अट कंपनीची असेल तर तिला इलाज नाही. तरी मार्चमध्ये नमुने घ्याल तेव्हा एक दिवस वर आमच्याकडेही या. ओढ्यात अजून दोन ठिकाणी असाच झिरपा आहे, आणि खाणीची हद्द त्यातल्या एकापासून फार लांब राहिलेली नाही. तिथलेही पाणी त्याच यंत्राने मोजून, तारीख घालून नोंदवून ठेवू.